कात्रण सतरा: अनोळखी रणगाडे ओळखण्याच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

जुन्या बाजारात ऐंशी रुपयांत एक वही मिळाली. मी तिथे जातो ते ड्रॉइंगच्या जुन्या पेट्यांसाठी, पण आज कुलपं आणि पितळी नळांच्या ढिगाखाली ही दिसली. लांबट हिशेबवही, आणि पानापानावर मासिकांतून कापून चिकटवलेले रणगाड्यांचे फोटो. एकूण ३८ कात्रणं. छापील मजकूर जवळजवळ सगळीकडे कात्रीने उडवलेला आणि त्याजागी निळ्या शाईत, उजवीकडे झुकलेल्या बारीक अक्षरात कुणीतरी स्वतः नाव लिहिलेलं. मालकाचं नाव कुठेच नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “रद्दीच्या पोत्यात आली साहेब, मला काय ठाऊक.”

घरी येऊन चाळली. २३ कात्रणं ओळखीची निघाली: शर्मन, टी-३४, पॅटन, सेंच्युरियन, आपली विजयंता. उरलेल्या १५ मधल्या गाड्या मात्र कुठल्याच सैन्यात रांगेने उभ्या राहिलेल्या वाटत नाहीत. एकदोन बनवल्या, चाचणीच्या मैदानावर पळवल्या आणि मोडीत काढल्या, असा तोंडावळा. कागदी-प्लॅस्टिकची मॉडेलं करणाऱ्या माणसाला याहून गोड खाज कुठली?

भाचा ओजस मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, “मामा, आधी नावं झाकू. वाचलं की डोळे तेच बघतात.” पटलं. सगळ्या १५ नावांवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या. नावं मी चाळताना ओझरती पाहिली होती, पण दोनचार सोडून आठवत नाहीत. चिठ्ठ्या शेवटीच काढायच्या असं ठरलं.

५ जून

तक्ता आखला. रकान्यांच्या क्रमावरून तासभर वाद झाला. ओजसला तोफ आणि टरेट पहिल्या रकान्यात हवं होतं, कारण डोळा तिथेच जातो. मला ते शेवटी हवं होतं, आणि नेमकं त्याच कारणासाठी. टरेट म्हणजे तोफ बसवलेला फिरता बुरूज, गाडीच्या डोक्यावरची टोपी. नमुना गाड्यांच्या बाबतीत टोप्या सतत बदलतात. एकाच धडावर तीन टरेटं बसवून बघतात, किंवा टरेट तयार नसेल तर त्या वजनाचे लोखंडी ठोकळे ठेवून गाडी पळवतात. चाकं, त्यांच्यातली अंतरं आणि ओढणारं टोक बदलायचं तर अख्खं धड नव्याने आखावं लागतं, म्हणून ते सहसा कोणी बदलत नाही.

सोव्हिएत गाड्यांत हे फार छान दिसतं. टी-४४, टी-५४ आणि टी-६२, तिन्हींना एका बाजूला पाचच चाकं. पण टी-४४ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या चाकात जास्त फट, टी-५४ मध्ये पहिल्या-दुसऱ्यात, आणि टी-६२ मध्ये मागच्या तीन चाकांमधल्या दोन्ही फटी मोठ्या. फोटो कितीही धुरकट असो, टरेटवर ताडपत्री टाकलेली असो, चाकांची ही लय दिसली की काम झालं. तबल्याचा ठेका ऐकून ताल ओळखावा तसं.

शेवटी क्रम ठरला: ओढणारं चाक (इंजिनाचा जोर ट्रॅकला देणारं) पुढे की मागे, चाकं किती, फटी कुठे, ट्रॅक म्हणजे चाकांभोवतीचा लोखंडी पट्टा वरून उचलून धरणारे रोलर किती, धडाची उंची, इंजिनावरच्या जाळ्या, आणि मग टरेट.

९ जून, रविवार

कात्रण ४ ने पहिल्याच दिवशी नाक कापलं. ओजस म्हणाला शर्मन, मीही म्हणालो शर्मन, ७६ मिलीमीटर तोफेची. तीन बोगी, प्रत्येकीत दोन चाकं, टरेट ओळखीचं. पहिल्या २३ मध्ये ते कसं गेलं नाही याचंच आश्चर्य करत मी नोंद लिहून टाकली. संध्याकाळी तक्ता भरताना पहिल्याच रकान्यात अडकलो. ओढणारं, म्हणजे दात्यांचं चाक मागे. शर्मनचं पुढे असतं.

मग धड नीट पाहिलं. बसकं होतं. शर्मन उंच का दिसते, तर तिचं इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे. दोघांना जोडणारा शाफ्ट टरेटच्या तळाखालून जातो, म्हणून सगळं वर उचललं जातं. ओढणारं चाक मागे नेलं की तो शाफ्टच लागत नाही आणि गाडी खाली बसते. म्हणजे हे बसकेपण आणि मागचे दाते ही एकाच गोष्टीची दोन टोकं. उत्तर: अमेरिकन टी२३. इंजिन जनरेटर फिरवणार आणि विजेच्या मोटारी ट्रॅक ओढणार अशी तिची रचना; सुमारे २५० बनल्या, लढाईत मात्र उतरल्या नाहीत.

आणि टरेट ओळखीचं का वाटलं? कारण ७६ मिलीमीटरवाल्या शर्मनला जे टरेट मिळालं ते मुळात याच गाडीसाठी केलेलं. आम्ही मुलावरून बापाला ओळखायला गेलो आणि बापालाच मुलगा समजलो.

१५ जून

खालच्या मजल्यावरचे रिसालदार काका. साताऱ्याकडचे, उमेदीची वर्षं विजयंतावर काढलेली. आजवर त्यांच्याशी पाणी, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. वही दाखवली तर चष्मा पुसून खुर्ची ओढून बसले आणि दोन तास हलले नाहीत.

त्यांना नावं फारशी माहीत नाहीत आणि त्याचं काही वाटतही नाही. “नाव काय, कागदावर काय बी लिहितील. हिला वढतंय कोण ते आधी सांग. फुडचं चाक का मागचं?”

मी म्हटलं, दाते दिसले तर कळतं. चिखलाने भरले असतील तर?

“तर ट्रॅक बघ. मागनं वढणारी गाडी फुडं चाललीय न्हवं, तर जमिनीवरनं मागच्या चाकाकडं चढणारा तुकडा ताठ असतोय आन् वरचा पट्टा सैल. लोंबतोय बघ. फुडनं वढणारीचं उलटं, वरचा पट्टा ताणलेला.” सायकलच्या चेनचं उदाहरण दिलं त्यांनी, आणि ओजसने तिथल्या तिथे कागदावर बाण काढून खात्री करून घेतली. बरोबर आहे. अर्थात गाडी रिव्हर्समध्ये किंवा उभी असेल तर हा पुरावा फसवतो, हेही काकांनीच सांगितलं.

तक्त्यात नवा रकाना: वरचा पट्टा सैल की ताठ. रकान्याला नाव दिलं ‘काका’.

२३ जून, रविवार

नगरला जाऊन आलो. काका, ओजस आणि मी, पहाटेची एसटी. रांजणगावच्या पुढे पाऊस लागला.

नगरच्या लष्करी भागातलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. पुण्याहून दोन-अडीच तासांवर असं ठिकाण असताना मी मॉडेलं करायला परदेशी चित्रं धुंडाळत बसतो, याची लाज वाटली. कागदावर बारीक दिसणारं चाक समोर कमरेला लागतं तेव्हा तक्त्यातले आकडे खरे होतात. व्हॅलेंटाइनची सहा चाकं: टोकांची दोन मोठी, मधली चार लहान. फ्रेंच एएमएक्स-१३ चं टरेट दोन तुकड्यांचं, वरचा तुकडा तोफेसकट वरखाली डुलतो. हा डुलता जोड एकदा प्रत्यक्ष पाहिला की फोटोत लगेच सापडतो. वहीतलं कात्रण २६ त्यामुळेच सुटलं. मोठं थोरलं धड आणि वर डुलतं टरेट: एएमएक्स-५०.

पण दिवसाची गोष्ट चर्चिलची. ओजस धावत पुढे गेला आणि ओरडला, “पुढे दाते! पुढून ओढते!” काका काही बोलले नाहीत. नुसतं बोट फिरवून मागे जायची खूण केली. मागेही दाते. चर्चिल मागूनच ओढते. पुढचं नुसतं फिरणारं चाक, पण त्यालाही दाते ठेवलेत. आणि याच्या उलट टी-३४: तिच्या मागच्या ओढणाऱ्या चाकाला बाहेरून दातेच दिसत नाहीत, आत रोलर असतात आणि ते ट्रॅकच्या मधल्या शिंगांना ढकलतात. म्हणजे ‘दाते तिथे जोर’ हा आमचा पहिलाच नियम दोन्ही बाजूंनी कच्चा.

मग बघायचं काय? काकांनी चाकामागचा जाड, बोल्टांनी कसलेला डबा दाखवला. गिअरचा शेवटचा टप्पा त्यात असतो. जोर तिथून येतो, त्यामुळे तो डबा ज्या टोकाला, ओढणारं चाक त्या टोकाला. दाते खोटं बोलतील, डबा नाही.

विजयंतापाशी काका बराच वेळ थांबले. आम्ही दुसरीकडे निघून गेलो. परतताना एसटीत त्यांनी सांगितलं, की ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी १९६१ मध्ये करार झाला, १९६५ पासून मद्रासजवळच्या अवाडीला गाड्या बनू लागल्या, आणि व्हिकर्सने केलेली नमुना गाडी नि आपली विजयंता फोटोत शेजारी ठेवल्या तर “आमच्या वेळच्या पोरांनाबी सांगता यायचं न्हाई”. पुढे घोडनदीपर्यंत झोपले.

३० जून

पालख्या शहरात, रस्ते बंद, घरीच. कात्रणं ८, ९ आणि १० एकदम घेतली कारण तिन्ही एकच गाडी वाटत होती. जवळपास तसंच आहे. अमेरिकेचे टी२९, टी३० आणि टी३४ हे जड रणगाडे, धड एकच घराण्याचं, तोफा वेगळ्या: १०५, १५५ आणि १२० मिलीमीटर. १५५ ची नळी आखूड आणि जाड, १०५ ची लांब आणि सडपातळ. १२० वालीच्या टरेटला मागे वजन तोलण्यासाठी जाड पत्रा जोडलेला. टरेटच्या दोन्ही अंगांना कानांसारखे फुगवटे असतील तर ती टी२९ची ई३ आवृत्ती. त्या कानांत अंतर मोजायचं यंत्र. इथे माझा ‘टरेट शेवटी’ हा हट्ट सोडावा लागला. ओजसने काही न बोलता चहा ठेवला, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

७ जुलै

दोन सोपी, एक गमतीशीर.

कात्रण २९: चार ट्रॅकची, टरेट नसलेली, घरासारखी. अमेरिकन टी२८. दोनच बनल्या. त्यातली एक १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरच्या माळावर सोडून दिलेल्या अवस्थेत सापडली. एवढं मोठं धूड लोक विसरले कसे कोण जाणे. आमच्या सोसायटीत सहा महिने एक स्कूटर बेवारस पडली होती तर तीन बैठका झाल्या. फोटो ओळखणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: हिचे बाहेरचे दोन ट्रॅक काढून, एकमेकांना जोडून, मागे ओढत नेता येत. म्हणून दोनच ट्रॅकच्या फोटोतही हीच असू शकते.

कात्रण ३०: हिलाही चार ट्रॅक, पण टरेट आहे आणि धड उलट्या बशीसारखं. सोव्हिएत ऑब्जेक्ट २७९, १९५९ ची. सोव्हिएत नमुन्यांना असे आकडे असत आणि पहिल्या अंकावरून गाव कळतं: १ म्हणजे निझनी तागील, २ लेनिनग्राड, ४ खारकिव्ह, ७ चेल्याबिन्स्क. गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच-१२ बघून पुणेकर ओळखावा तसंच.

कात्रण १२: टी-३४-८५ म्हणून २३ मध्ये जाता जाता राहिलेली. नळीच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागचा धक्का कमी करणारा जोड, जो टी-३४-८५ ला नसतो, आणि धडाचे पुढचे कोपरे तासलेले. ही युगोस्लाव्हियाची. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटल्यावर त्यांनी स्वतःच गाडी करायला घेतली. पाच केल्या आणि पाचही एकमेकींपेक्षा थोड्या वेगळ्या. ‘व्होझिलो ए’, म्हणजे नुसतं ‘वाहन अ’. नाव ठेवायलाही कुणाला सवड झाली नसावी.

१४ जुलै, रविवार

कात्रण १७. दुपारपासून हेच एक.

बंदर आहे. मागे क्रेन, एका कडेला जहाजाचा भाग. मधे मोठी गाडी, माणसं जर्मन गणवेशात. चाकं बारीक आणि जोड्यांनी, ओढणारं चाक मागे. वर मोठं टरेट आणि त्यात शेजारी-शेजारी दोन नळ्या, एक जाड एक बारीक. त्याशिवाय एक छोटं टरेट पुढे, आणि मागे इंजिनाकडे आणखी एक छोटं टरेट डोकावतंय.

ओजस: “टी-२८. पकडलेली असेल.” सोव्हिएत टी-२८ ला तीन टरेटं असतात हे खरं, पण तिची दोन्ही छोटी टरेटं पुढेच, ड्रायव्हरच्या दोन बाजूंना. इथे एक पुढे, एक मागे. मी म्हटलं ब्रिटिश इंडिपेंडंट, व्हिकर्सची १९२६ ची. पण तिला मोठ्या टरेटभोवती चार छोटी. एकच तयार झाली आणि ती इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे; जर्मन माणसं तिच्यावर कशाला चढतील? टी-३५ ला एकूण पाच. तीही नाही.

छोटं टरेट भिंगाखाली पाहिलं. ते जर्मनांच्या पँझर १ च्या टरेटचं भावंड वाटलं. म्हणजे गाडी जर्मनच. पण जर्मनांकडे तीन टरेटांची गाडी?

जेवण गार झालं. हिने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

२१ जुलै

सुटलं. नॉयबाउफारझॉइग. अर्थ एवढाच: ‘नव्या बांधणीचं वाहन’. तिथेही ‘वाहन अ’ चाच प्रकार.

१९३० च्या दशकातल्या पाच गाड्या. दोन साध्या पोलादाच्या, फक्त चाचणीसाठी, तीन चिलखती. टरेटं दोन कंपन्यांची. राइनमेटालच्या टरेटात दोन नळ्या एकावर एक, क्रुपच्या टरेटात शेजारी-शेजारी. आमच्या फोटोत शेजारी-शेजारी, म्हणजे क्रुप, म्हणजे चिलखती तिघींपैकी एक. आणि या तिघी एप्रिल १९४० मध्ये ओस्लोच्या बंदरात उतरल्या. क्रेन, जहाज, गणवेश, सगळं बसलं. जुळणी करण्यासाठी जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फोटोंचा उपयोग झाला. त्यांनी २००८ मध्ये सुमारे एक लाख फोटो सर्वांसाठी खुले केले, आणि जुन्या ओळी चुकीच्या किंवा एकतर्फी असू शकतात असं फोटोंसोबतच लिहून ठेवलंय. हा प्रांजळपणा मला फार आवडला.

काकांना दाखवलं. म्हणाले, “तीन गाड्या? तीन गाड्यांनी लढाई व्हती व्हय? ह्या दाखवायला आणल्यात.” त्यांनी इतिहास वाचलेला नाही, पण बरोबर तेच. जर्मन प्रचारयंत्रणेने या तिघींचे फोटो भरपूर मिरवले. आज एकही शिल्लक नाही. नॉर्वेत क्वाम इथल्या युद्धसंग्रहात चाकांकडचे काही सुटे भाग तेवढे आहेत.

२८ जुलै

कात्रण २१ मध्ये तक्त्याचे पहिले चार रकाने कोरे. समोरून घेतलेला फोटो, चाकं पोलादी झडपांआड, टरेटच्या जागी नुसतं वजन ठेवलेलं. आजूबाजूला माणूस नाही की जेरीकॅन नाही, की त्यावरून माप काढावं. (जेरीकॅन फोटोत असलं तर सोनंच, त्याची उंची ४७ सेंटिमीटर ठरलेली.)

माप नाही तर प्रमाण. समोरून दिसणारी एकूण रुंदी आणि दोन ट्रॅकची मिळून रुंदी, एवढंच पट्टीने मोजलं. ट्रॅकनीच साठ टक्के जागा खाल्लेली. जर्मन टायगर २ मध्ये हे प्रमाण त्रेचाळीसच्या आसपास येतं: ८० सेंटिमीटरचे दोन ट्रॅक, एकूण रुंदी ३.७५ मीटर. साठ टक्के म्हणजे एकच गाडी डोळ्यांपुढे येते, जर्मनांचीच माउस. १.१ मीटरचे दोन ट्रॅक, रुंदी ३.६७ मीटर. १८८ टनांचं ते धूड जमिनीत रुतू नये म्हणून पाय इतके रुंद, आणि रेल्वेवर मावावं म्हणून अंग तेवढंच. मग दोन पायांमध्ये उरतं काय, तर बोळ. आणि टरेटऐवजी वजन ठेवून पळवली ती दोनपैकी पहिली गाडी. त्यामुळे क्रमांकही मिळाला.

ओजसने हे प्रमाण काढायला संगणकावर छोटा प्रोग्रॅम लिहिला. पट्टीनेही तेच येतं, पण त्याला म्हटलं नाही.

११ ऑगस्ट

कात्रण १९. बर्फ. गाडी तिरकी होऊन मेलेली, ट्रॅक निखळलेला. दोन टरेटं: पुढे खाली एक, मागे वर मोठं एक, पायऱ्यांसारखी. दोन्ही साधारण गाडीच्या मधल्या रेषेवर. छाप सोव्हिएत.

पायरीवजा दोन टरेटांच्या सोव्हिएत नमुना गाड्या दोन, एसएमके आणि टी-१००. दोन्ही लेनिनग्राडच्या, आणि डिसेंबर १९३९ मध्ये दोघींनाही फिनलंडविरुद्ध एकाच ठिकाणी, सुम्माच्या तटबंदीवर, उतरवून पाहिलं. त्याच चाचणीत केव्ही नावाची तिसरी गाडीही होती. फोटो इतका खराब की चाकांवरून निवाडा होईना. इथे परिस्थितीने साक्ष दिली. एसएमके सुरुंगावर गेली आणि तिथेच बसली. तिच्या लोकांना टी-१०० ने उचलून परत आणलं. म्हणजे बर्फात सोडून दिलेली जी कोणी आहे ती टी-१०० नाही. एसएमके: सेर्गेई मिरोनोविच किरोव्ह यांच्या नावाची आद्याक्षरं, वजन ५५ टन, एकच बनलेली.

१८ ऑगस्ट, रविवार

चिठ्ठ्या काढल्या. काकाही आले होते. पंधरापैकी दहांवर वहीवाल्याचं आणि आमचं एकमत. दोन जागी त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं. व्होझिलोला ‘टी-३४’ म्हटलेलं, जे आम्हीही म्हणणारच होतो.

आणि १७ खाली: ‘जर्मन पँझर ६, नॉर्वे १९४०’. ओजस हसला, मीही हसलो. पँझर ६ म्हणजे टायगर, आणि टायगर रणांगणावर आला १९४२ मध्ये. नॉर्वेत कुठून येईल? १९ खाली तर ‘रशियन टी-३५ सी’. पाच टरेटांच्या टी-३५ शी या गाडीचा काय संबंध? मी तांबडी पेन्सिल काढून दोन्हींवर फुल्या मारल्या.

रात्री झोप येईना. उठून दिवा लावला. चूक चूकच, पण इतकी नेमकी? अंदाजाने लिहिणारा ‘मोठा जर्मन रणगाडा’ लिहितो. ‘सी’ हे अक्षर मनातून येत नाही.

दोन वाजता सापडलं. या गाड्यांचे फोटो दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्यांनी पाहिले तेव्हा जर्मनांचे ओळखीचे रणगाडे पँझर ४ पर्यंतच होते. ही नवी, मोठी, तीन टरेटांची गाडी. तिला पुढचे मोकळे आकडे देऊन टाकले. राइनमेटालच्या टरेटची ती ५, क्रुपच्या टरेटची ती ६. तेव्हा हे आकडे पुढे ज्यांना मिळाले ते पँथर आणि टायगर जन्मालाही आले नव्हते. आणि बर्फातल्या एसएमकेचे फोटो फिनलंडमार्फत जर्मनांकडे गेले; त्यांना अनेक टरेटांची सोव्हिएत गाडी एकच ठाऊक, टी-३५. म्हणून ही तिचीच पुढची आवृत्ती, ‘सी’.

म्हणजे एकाच हिवाळ्यात-वसंतात, चारपाच महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या सैन्यांची शहाणी माणसं परक्याच्या नमुना गाडीच्या फोटोवर वाकून बसली होती, टरेटं मोजत होती, आणि दोघांनीही ओळखीच्या यादीत पुढचं नाव जोडून मोकळं व्हायचं ठरवलं. तीन गाड्यांमागे मोठी फौज दिसली, एका गाडीमागे अख्खी मालिका दिसली. मीही ९ जूनला दुसरं काय केलं होतं?

२५ ऑगस्ट

वहीवाल्याची माफी मागायची राहिली. तो मनाने लिहीत नव्हता. कात्रीने छापील ओळी कापण्याआधी तो त्या वाचून उतरवून घेत होता, आणि त्या ओळी युद्धकाळातल्या होत्या. निदान १७ आणि १९ तरी तेव्हाच्या, किंवा तेव्हाचं उसनं घेतलेल्या मासिकांतल्या. कात्रणाच्या पाठीमागे काय छापलंय ते बघायला हवं असं काका पहिल्या दिवसापासून म्हणत होते. आम्ही ऐकलं नाही, कारण खळ घट्ट.

आता तक्त्यात दोन रकाने नवे: ‘ओळ काय म्हणते’ आणि ‘ही ओळ कधी लिहिली असेल’. पहिल्यातलं खोटं असलं तरी दुसऱ्यातलं खरं ठरू शकतं. पँझर ६ असं नाव असलेला नॉयबाउफारझॉइगचा फोटो दिसला की तो मजकूर टायगर माहीत होण्याआधीच्या माणसाचा, किंवा त्याची री ओढणाऱ्याचा.

तांबड्या फुल्या खोडरबराने काढल्या. पूर्ण गेल्या नाहीत.

८ सप्टेंबर, रविवार

सोसायटीत गणपती बसलेत, काका वर्गणीच्या वहीत अडकलेत. तरी दुपारी तासभर आले. ओजसने फोनवर एक फोटो आणून त्यांची परीक्षा घेतली: पुढून अर्जुनसारखं टरेट, धुळीत चाललेली गाडी. मी लगेच अर्जुन म्हणालो असतो. काकांनी फोन दूर धरला, डोळे बारीक केले आणि चाकांवर नख फिरवत मोजलं. “सहा. अर्जुनला सात. धड टी-७२ चं हाय.” बरोबर. अर्जुनचं टरेट टी-७२ च्या धडावर बसवून पाहिलेली टँक-ईएक्स. ती नमुन्याच्या पुढे गेलीच नाही.

ओजसने विचारलं, “काका, तुम्हाला ही माहीत होती?”

“न्हाई. सहा माहीत हाय, सात माहीत हाय.”

दोन कात्रणं उरलीत. ३३ मध्ये गाडी कमरेएवढ्या गवतात आहे, चाकं एकही दिसत नाही. ३५ चा अर्धा भाग वहीच्या घडीत गेलाय. मी वाफेवर खळ सुटतो का ते आज ३५ वर करून पाहिलं. किटलीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं धरल्यावर एक कोपरा उचलला गेला. मागे छापील अक्षरं आहेत, दोन ओळी, आणि त्यातल्या पहिल्या ओळीत साबणाची जाहिरात.